गरज सरल्यावर

कॉटन ग्रीनला राहणाऱ्या माणसाला पाहुणा हमखास एक प्रश्न विचारतो, “यात हिरवे काय आहे हो?” खरे सांगायचे तर हिरवे काहीच नाही. कोटातल्या ज्या मोकळ्या मैदानावर, म्हणजे आज हॉर्निमन सर्कल आहे तिथे, कंपनी सरकारच्या काळी कापसाच्या गाठी रचून ठेवीत, त्या मैदानाचे नाव ‘ग्रीन’. पुढे कापसाचा बाजार कुलाब्याला गेला आणि तिथून गेल्या शतकाच्या विशीत शिवडीजवळच्या भराव टाकलेल्या जमिनीवर आला. गाठींबरोबर नावही आले. हिरवळ मागे राहिली ती राहिलीच. गाठींचे ते दिवसही आता सरले. पण नाव अजून स्टेशनच्या पाटीवर शाबूत आहे. माणसांच्या बाबतीत मात्र बहुधा उलटे होते. त्यांचे काम कापडाच्या ताग्यासारखे दूरवर जाते आणि नाव कुठेतरी गोदामातच राहून जाते.

हा विचार मनात येण्याचे कारण अगदी घरगुती आहे. दसरा झाल्यावर माझी नात एके संध्याकाळी घरी आली. येताना ती स्वतःसाठी चहाचा एक मोठा पेला घेऊन आली होती. पेल्यावर एका अमेरिकन बाईचे चित्र. डोक्याला लाल रुमाल बांधलेला, निळ्या सदऱ्याची बाही वर सारलेली आणि मूठ वळून दंड दाखवलेला. “आम्हाला जमेल!” अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य तिच्या डोक्यावर. नात म्हणाली, “आजी, ही लढाईतली बाई. पुरुष आघाडीवर गेले तेव्हा बायकांनी कारखाने चालवले ना, ती.” मी म्हटले, “अगं, तुझी पणजीसुद्धा लढाईतलीच बाई होती.” तिने पेला खाली ठेवला आणि विचारले, “मग तिचा फोटो कुठे आहे?”

फोटो नाही. एकुलता एक होता तो रेशनकार्डावर नव्हे, तर माझ्या लग्नाच्या गटचित्रात. आणि त्यातही पुढच्या माणसाच्या फेट्याने तिचा अर्धा चेहरा झाकलेला आहे.

आईची हकीकत फार मोठी नाही. ती रत्नागिरीकडची. लग्न होऊन घोडपदेवच्या चाळीत आली. वडील गोदीत माल चढवण्या-उतरवण्याचे काम करीत. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि गिरण्यांना सुगीचे दिवस आले. खाकी कापड, तंबूचे कापड, जे विणावे ते सरकार उचली. तीन-तीन पाळ्या सुरू झाल्या. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांची संख्या दोन लाखांच्या घरात गेली. आई एका गिरणीत वाइंडिंग खात्यात बदली म्हणून लागली. रोज पहाटे दाराशी उभे राहायचे. नायकिणीने, म्हणजे बायकांवरच्या मुकादमिणीने, बोट दाखवले तर आत जायचे, नाहीतर परतायचे. लढाईच्या दिवसांत परतावे लागत नसे. तुटलेला धागा चालत्या चातीवर गाठ मारून जोडायचा, असे दिवसभर. ती म्हणे, “गाठ अशी मारायची की कापडात दिसता कामा नये.”

१९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग आले. त्यामुळे पाळी सुटली की गिरणीच्या दारातून तशीच रेशनच्या रांगेत जायचे, हा तिचा नेम. १९४४ च्या १४ एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास ती अशीच रांगेत उभी होती. मी तीन वर्षांची, तिच्या कमरेवर. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाची बोट लागलेली होती. तिच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी आणि सोन्याच्या विटा होत्या. आधी कापूस पेटला. मग चार वाजून गेल्यावर एक आणि अर्ध्या तासाने दुसरा असे दोन स्फोट झाले. मला आठवते असे मी म्हणणार नाही. पण आईने इतक्या वेळा सांगितले आहे, की पायाखालची जमीन हलल्याचे मला आजही जाणवते. आगीशी झुंजताना अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. एकूण माणसे किती गेली याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगतात. वडील जिवंत सापडले. परंतु त्यांच्या डाव्या पायाचा घोटा चेचला होता. ते पुन्हा ओझे उचलू शकले नाहीत.

त्या दिवसापासून आईची मजुरी ही आमच्या घरातली एकमेव मजुरी झाली. पाच तोंडे तिच्यावर जगली. ती कधी वीरश्रीने बोलली नाही. पण एक गोष्ट मात्र ती अभिमानाने सांगे. पहिला पगार हातात आला तेव्हा वडील तिला म्हणाले होते, “आता घरात तुझा शब्द.” लढाई संपली. मागणी उतरली. गिरणीने तिसरी पाळी आवरती घेतली. तिथले पुरुष दिवसपाळीवर आले आणि बदलीवरच्या बायकांना दाराशीच थांबवण्यात आले. नायकीण एवढेच म्हणाली, “उद्यापासून नको येऊ गो.” वडिलांचा घोटा काही सुधारला नव्हता. पण ते विचारतो कोण? गिरणीला आईची गरज होती, तेव्हा आई कामगार होती. गरज सरली, तेव्हा ती कुणाची तरी बायको झाली.

नातीच्या पेल्यावरची बाई निदान सुखात असेल, म्हणून मी तिची चौकशी केली. तीही आईच्याच जातीची निघाली. जे. हॉवर्ड मिलर नावाच्या चित्रकाराने ते चित्र वेस्टिंगहाऊस कंपनीसाठी काढले. १९४३ च्या फेब्रुवारीत ते त्या कंपनीच्या कारखान्यांत दोन आठवडे भिंतीवर होते. कामगारांनी खाडे करू नयेत, कामाचा उत्साह टिकावा, हा त्याचा हेतू. दोन आठवड्यांनी ते उतरवले गेले आणि लोक विसरले. चाळीस वर्षांनी, १९८० नंतर, ते कुणीतरी पुन्हा शोधून काढले आणि मग ते जगभर झाले. ज्या दिवसांत त्या बाईला मजुरी द्यायची होती, त्या दिवसांत तिला कौतुक मिळाले ते दोन आठवडे. मजुरी द्यायची नव्हती तेव्हा मात्र कौतुकाला सीमा राहिली नाही.

लढाईच्या काळात अमेरिकेतल्या नोकरदार बायकांची संख्या सुमारे १ कोटी २० लाखांवरून १ कोटी ८० लाखांच्या पुढे गेली. त्यांनी विमाने जोडली, बोटी सांधल्या. त्यांच्या मुलांसाठी सरकारने पैसे देऊन पाळणाघरे उघडली. लढाई संपल्यावर वर्षाच्या आतच तो पैसा बंद झाला. मुले तीच होती, आयाही त्याच होत्या. फक्त शत्रू शरण गेला होता. लष्करी विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर नेणाऱ्या बायकांचे एक दल होते. प्रशिक्षण पुरे करून १०७४ जणी त्यात दाखल झाल्या, त्यांतल्या व शिकाऊ मिळून ३८ जणी कामावर असताना मेल्या. पण त्या सैनिक नव्हेत, असा नियम असल्याने शवपेटी घरी नेण्याचा खर्चही सरकारने दिला नाही. त्यांना माजी सैनिक म्हणून मान्यता मिळाली ती १९७७ साली. तेहतीस वर्षांनी.

आपल्याकडेही १९४२ साली बायकांचे एक सहायक दल निघाले. अकरा हजारांच्या आसपास बायका त्यात होत्या. तारायंत्र, टंकलेखन, हिशेब अशी कामे त्यांनी केली. लढाई सरल्यावर ते दल मोडण्यात आले. म्हणजे देश वेगळा, धर्म वेगळा, राज्यकर्ते वेगळे, आणि रीत मात्र एकच. आपल्या म्हणीत सांगायचे तर, गरज सरो आणि वैद्य मरो.

इथवर आल्यावर शहाणे वाचक म्हणतील, “बाई, तुमची तक्रार तरी नक्की कोणती? काम दिले ही, की काम काढून घेतले ही?” प्रश्न रास्त आहे. आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. मला हे एका उदाहरणावरून कळले, आणि ते उदाहरण आमच्याच परिसरातल्या एका थोर माणसाशी निगडित आहे.

परळच्या बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षे राहिले. गोदीत स्फोट झाला तो १४ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस. त्या वेळी ते दिल्लीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. बायकांना कोळशाच्या खाणीत जमिनीखाली उतरवू नये, असा नियम १९२९ पासून टप्प्याटप्प्याने येत १९३७ साली पुरा झाला होता. लढाईत कोळशाची टंचाई पडली आणि १९४३ मध्ये सरकारने ती बंदी उठवली. बायका पुन्हा खाली उतरल्या. १९४४ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या विधिमंडळात रेणुका रे यांनी याबद्दल सरकारला धारेवर धरले. आणि उत्तर द्यायला उभे राहिले ते बाबासाहेब. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे बिल उचलून धरणारा हाच माणूस! त्यांनी नाइलाज सांगितला, ही बंदी तात्पुरती उठवली आहे असे सांगितले. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, की खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. समान कामाला समान दाम हे तत्त्व या देशातल्या एखाद्या धंद्यात प्रथमच मान्य होत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९४६ च्या आरंभी बंदी पुन्हा लागू झाली.

आता या दोघांपैकी बरोबर कोण? रेणुकाबाई म्हणत होत्या की त्या काळोखात बाईला ढकलू नका. त्या बरोबर होत्या. बाबासाहेब म्हणत होते की उतरायचेच असेल तर पुऱ्या मजुरीने उतरू द्या. तेही बरोबर होते. बंदीने बाईचे रक्षण झाले, पण तिची चूलही विझली. बंदी उठली तेव्हा चूल पेटली, पण जीव टांगणीला लागला. गिरणीतही हेच झाले. रात्री बायकांना कामावर ठेवू नये हा कायदा दयाबुद्धीचाच होता. पण त्यामुळे तीन पाळ्यांच्या गिरणीत बाई ही मालकाला अडचणीची वाटू लागली. नवी वेगवान यंत्रे आली, बाळंतपणाची रजा द्यावी लागली, ही आणखी कारणे. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांत साधारण एक बाई होती. १९७० नंतर शंभरांत मोजक्याच उरल्या. कुणी वाईट हेतूने त्यांना काढले असे नाही. पुष्कळदा भल्या हेतूनेच काढले.

बराच काळ मी या दोन बाजूंमध्ये हेलकावे खात होते. मग एक दिवस ध्यानात आले, की दोन्ही बाजूंना एक माणूस सामाईकपणे गैरहजर आहे. १९३७ साली खाणीतून वर काढताना तिला कुणी विचारले नाही. १९४३ साली खाली उतरवताना विचारले नाही. १९४६ साली पुन्हा वर काढतानाही विचारले नाही. काम देणे हा अन्याय नव्हे, काम थांबवणे हाही प्रत्येक वेळी अन्याय नव्हे. अन्याय आहे तो, माणसाला दिव्यासारखे वापरण्यात: अंधार पडला की लावायचा आणि उजाडले की फुंकायचा. दिव्याला कुणी विचारीत नाही, कारण दिव्याला मत नसते. बाईला असते.

यावर कुणी म्हणेल की गरजेनेच तर दार उघडले. गरज नसती तर बाईला दाराच्या आत कोण घेते? हे खरे आहे आणि मी ते नाकारीत नाही. आई ज्या दारातून आत गेली, ते लढाईने उघडले होते. आत जाऊन आलेली बाई बाहेर पडली तरी पूर्वीची राहत नाही. पगार मोजलेली बोटे तो स्पर्श विसरत नाहीत. पण गरजेने मिळालेली जागा ही उसनी असते. हक्काने मिळालेल्या जागेत आणि उसन्या जागेत फरक एवढाच, की उसन्या जागेवरून उठवताना कारण सांगावे लागत नाही.

इथे हा लेख संपवता आला असता, तर मला बरे वाटले असते. मालक, सरकार, अमेरिका, सगळ्यांना दोष देऊन मी फराळाला बसले असते. पण नातीने फोटो विचारला त्या रात्री मला झोप आली नाही, ती मालकामुळे नव्हे.

गिरणीतून निघाल्यावर आईने खानावळ घातली. मुलुख सोडून आलेले, बायकामुले गावी असलेले आमच्याकडचेच गिरणीकामगार तिच्याकडे जेवत. सुरुवातीला सहा, मग चौदा, मग बावीस. पहाटे चारला तिची चूल पेटे. तिच्या आमटीवर मी शिकले, शिक्षिका झाले. १९६६ साली मला मुलगा झाला. नोकरी सोडायची नव्हती. मी आईला म्हटले, “आई, पुरे झाली आता ही खानावळ. किती कष्ट करशील? माझ्याकडे ये.” माझ्या बोलण्यात माया नव्हती असे नाही. पण त्या मायेच्या पाठीमागे माझी शाळेची वेळ उभी होती. आई काही क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, “बरं.” बावीस माणसांची ताटे तिने शेजारणीला देऊन टाकली.

बारा वर्षे तिने माझी दोन मुले वाढवली. मग मुले मोठी झाली. त्यांना अभ्यासाला जागा हवी होती आणि घर दोन खोल्यांचे. वडील गेले होते. गावी भाऊ होता, हवा चांगली होती, तिला दम लागत होता. अशी सगळी कारणे होती आणि ती सगळी खरी होती. मी म्हटले, “आई, तुला आता गावीच बरं वाटेल.” ती म्हणाली, “बरं.” तोच शब्द. एस. टी. सुटताना तिने खिडकीतून विचारले, “डाळ भिजत घातली आहेस ना?”

प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बँकेने त्या बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावावर कर्ज दिले. गिरणगावातल्या त्या बायका प्रथमच कुणाच्या तरी वहीत धंदेवाईक म्हणून नोंदल्या गेल्या. १९७५ साली माझी आई पंचावन्न वर्षांची होती आणि माझ्या मुलीची वेणी घालीत होती. तिची खानावळ चालू असती, तर त्या वहीत तिचे नाव लागले असते. नायकिणीने तिला एकदा उठवले, मी दोनदा. नायकिणीच्या डोक्यावर निदान मालक होता.

आई १९९१ साली गावी गेली. तिने मला कधी दोष दिला नाही. माणसे म्हणतात, तिने मनापासून केले, तिला कुठे वाईट वाटले होते? हे मला आता पटत नाही. “बरं” हे संमतीचे उत्तर आहे खरे. पण जिला “नाही” म्हणण्याची कधी सवयच लागू दिली नाही, तिच्या “बरं”चा अर्थ कसा लावायचा? कायदा आता या बाबतीत आपल्यापुढे गेला आहे. २०१९ साली सरकारने खाणीत जमिनीखाली काही कामांसाठी बाईला परवानगी दिली, तेव्हा तिची लेखी संमती हवी अशी अट घातली. २०२० सालच्या कामगार संहितेत रातपाळीसाठीही बाईची संमती हवी असे लिहिले आहे. पोट रिकामे असले की संमतीही कितपत मोकळी असते, ही शंका आहेच. तरी विचारायचे असते एवढे कायद्याने मान्य केले. घरात कोणती संहिता लागू आहे?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या नातीला कामाच्या ठिकाणी बढती मिळाली. त्यात महिन्याचे काही दिवस रातपाळी आहे. तिचे मूल दीड वर्षाचे. ती सकाळी आली तेव्हा माझी सून चकलीची भाजणी चाळीत होती. मला वाटले, आता ती नेहमीचेच बोलेल, म्हणजे मी बोलले होते तसे. पण ती आईसमोर पाटावर बसली आणि म्हणाली, “मला बढती घ्यायची आहे. बाळाला रात्री तू सांभाळशील का, हे विचारायला आलेय. तुला नको असेल तर मी दुसरी सोय बघते. अगदी खरं सांग.”

सुनेचा हात चाळणीवर थांबला. तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. बोलण्याचा मला अधिकारही नव्हता. मग ती म्हणाली, “दोन दिवस दे मला. विचार करून सांगते.”

साठ वर्षांपूर्वी मी आईला दोन दिवस दिले असते, तर ती काय म्हणाली असती, कोण जाणे. कदाचित “बरं”च म्हणाली असती. पण ते तिचे असते.